हाडातला दाब

सोमवार
आजपासून रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ब्रदर म्हणून रुजू झालो. खिडक्या मोठ्या, उजेड भरपूर, चहा फुकट. बायको गेल्यापासून पहिल्यांदाच घराबाहेर पडून बरं वाटलं. मोठ्या सिस्टरांनी सगळं फिरून दाखवलं. नवरदेवासारखा लाजत उभा राहू नकोस, हात चालव, म्हणाल्या.

शीर सापडली नाही की इथे नडगीच्या हाडात सुई बसवतात आणि तिच्यातून औषध सोडतात. त्याच सुईला नळी जोडून स्क्रीनवर रक्तदाबही बघतात, लाट आणि आकडा असा. आकडा दंडावरच्या पट्ट्यापेक्षा कमी येतो. तो चढतोय की उतरतोय, एवढंच बघायचं. पट्टा काही दाखवेनासा झाला, तर हाडावर भरवसा ठेवायचा, हा डॉक्टरबाईंचा नियम. बायकोची शीर शेवटपर्यंत सापडली नव्हती. त्या दवाखान्यात अशी सुई नव्हती.

बुधवार
पहिली सुई माझ्या हातून बसली. शाळकरी मुलगी होती, वाचली. तिच्या आजीने माझे हात सोडलेच नाहीत. सिस्टर म्हणाल्या, दिसतोस मवाळ, हात मात्र कसायाचा आहे. कौतुकच होतं ते.

शुक्रवार
दुपारी एक म्हातारे गृहस्थ गेले, नडगीत सुई असतानाच. हृदयाची रेघ सपाट झाली, पण हाडातली लाट चालूच. नळीला कुणाचा तरी धक्का लागत असेल, सुई काढून टाका, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मला काढवेना. बायकोच्या वेळी सगळ्यांनी फार लवकर हात काढून घेतले होते. त्या गृहस्थांची नडगी धरून बसलो. माझा हात लागला की लाट उंच व्हायची.

शेवटी सिस्टर ओरडल्या, तेव्हा सुई काढली. नळी माझ्या हातात, कशालाच न जोडलेली. आणि स्क्रीनवर लाट चालूच—

शनिवार
उजवी नडगी ठणकतेय. चाललं की डोळ्यांपुढे अंधारी. सिस्टरांनी दाब मोजला. फार कमी. वेळेवर जेवतोस का रे बाबा, म्हणाल्या.

रिकाम्या खाटेजवळून गेलो, तर तिथल्या स्क्रीनवरही तीच लाट—

रविवार
कामावरच कोसळलो. शीर मिळेना, पट्टा काही दाखवेना. माझ्याच नडगीत सुई.

हाडातला आकडा चढतोय. डॉक्टरबाई हसल्या. सिस्टर म्हणाल्या, घाबरवलंस की रे मेल्या. आवाज फुटत नाही. खुणेने वही मागितली, तर तेही चांगलं लक्षण म्हणे. आता हृदयाची रेघ बघायची गरज नाही म्हणून छातीच्या तारा काढून पलीकडच्या खाटेला नेल्या.

मनगट चाचपलं. नाडी नाही. गळ्यालाही—

आकडा अजून चढतोय. सगळे तिकडे गेले.

सिस्टरांना दाखवायचंय. ही लाट माझी नाही, मी खाली चाललोय— ती त्या शुक्रवारच्या म्हाताऱ्यांची—