निरोप मी मागितला नव्हता

प्रिय हृषीकेश,

शनिवारी संध्याकाळी तू विचारलंस, कार्यक्रम कसा झाला, आणि मी ‘छान झाला’ असं कळवून फोन उशीखाली सारला. खोटं होतं ते. मला किळस आली. त्याहून जरा सौम्य शब्द सापडतो का म्हणून गेले काही दिवस थांबले, पण नाही सापडला. ढोल-पथकाच्या ग्रुपवर फोटो पडलेत, त्यांत म्हणे मी हसतेय. तोंडभर क्रीम फासलं की आतलं माणूस हसतंय की दात-ओठ खातंय हे कुणाला कळणार!

मी आपली नेहमीसारखी सरावाला गेले होते. शाळेतून घरी आले, नववीच्या तपासायच्या वह्या तशाच टाकल्या, जुना कुडता चढवला, कमरेला ओढणी आवळली आणि गाडीला किक मारली. गणपती तोंडावर आलेत, पहिल्या रांगेत ढोल घेऊन उभं राहायचं म्हणजे आता एक दिवस बुडवून चालत नाही. मैदानाच्या फाटकावर पोचले तर समोर माझंच थोबाड, माझ्यापेक्षा मोठं. फ्लेक्स! कुणीतरी माझ्या साखरपुड्याच्या फोटोला मुंडावळ्या चिकटवल्या होत्या आणि खाली ‘चि. सौ. कां. इंद्रायणी हिस भावी आयुष्यासाठी निरोप’. आमचे पथकप्रमुख हिंदुराव हात जोडून शेजारी, आकारानं माझ्या दुप्पट. निरोप कुणाला, तर मला. मी कुठे चालले होते हे मलाच ठाऊक नव्हतं.

पुढचं तर विचारूच नकोस. ढोल-ताशाच्या पथकानं भाड्यानं स्पीकर आणला होता आणि त्यावर मुलीच्या पाठवणीचं कुठलंसं रडकं गाणं लावलं होतं. पन्नास वादक हाताची घडी घालून स्पीकर ऐकतायत! मला खुर्चीत बसवलं, माझ्याच वर्गातल्या एका मुलीच्या आईकडून माझी ओटी भरून घेतली, आणि मग ‘आता केक’ म्हणून सगळे ओरडले. केक कशावर ठेवला होता माहितीय? माझ्या ढोलावर. उभा केलेला माझा ढोल, त्याच्या पानावर, म्हणजे वाजवायच्या चामड्यावर, पुठ्ठा आणि पुठ्ठ्यावर गुलाबी क्रीमचा तो लगदा. ज्या ढोलाला हात लावण्याआधी आम्ही चपला काढतो, नमस्कार करतो, त्याच्या पानावर सुरी टेकवून मला म्हणतात, कापा. कापताना क्रीम ओघळलं, पानावर पसरलं, कड्यांत गेलं. मग कुणीतरी फेसाचा डबा फवारला, कुणी केकचा गोळा माझ्या गालावर थापला, आणि सगळ्यांचे मोबाइल वर. रील चाललं होतं ना. स्टाफरूममध्ये परवा कुणाच्या वाढदिवसाचा केक आला तर मी उठून बाहेर जाऊन उभी राहिले.

तुला वाटेल, एवढं काय. म्हणून आमच्याकडचा खरा निरोप कसा असतो ते सांगते, तू कधी पाहिलेला नाहीस. बिभीषण दुबईला नोकरीला गेला तेव्हाचा घे. सरावाच्या शेवटी तो रिंगणात आला आणि स्वतःच्या तोंडानं म्हणाला, “मी चाललो. हितं पोट भरंना म्हणून चाललो.” बस्स. आमच्यात जाणाऱ्यानंच सांगायचं असतं, कशासाठी जातो तेही त्यानंच सांगायचं. बाकीच्यांनी अडवायचं नाही आणि समजूतही घालायची नाही. मग तो खाली बसला आणि आपल्या ढोलाची गाठ त्यानं आपल्या हातानं सोडली. दोर सैल झाला. त्या सैल ढोलावर त्यानं एकच टोला दिला, ओल्या पोत्यावर काठी मारावी तसा बसका आवाज आला. लगेच आम्ही सगळ्यांनी आपापल्या कसलेल्या ढोलांवर एक टोला देऊन त्याला उत्तर दिलं. वाजवायचं टिपरू कमरेला खोचून तो मागे न बघता गेला. ना हार, ना भाषण. मी घरी जाऊन ढसाढसा रडले होते, आणि बिभीषण काही माझा कुणी लागत नव्हता.

शनिवारी मी तोंड पुसून माझ्या ढोलाजवळ गेले, निदान तो घरी नेऊन धुवावा म्हणून, तर दोर आधीच सोडलेला. मी यायच्या आत, कार्यक्रम वेळेत उरकावा म्हणून, कुणीतरी माझी गाठ सोडून ठेवली होती. दुसऱ्याच्या ढोलाचा दोर आमच्यात कुणी सोडत नाही, हृषीकेश. माणूस मेला तरी त्याच्या घरच्याला बोलावून सोडवतात. क्रीम एक वेळ धुऊन निघेल, पण हे मला अजून गिळता येत नाहीये. आणि मी आजूबाजूला बघितलं तर हिंदुराव स्वतः दोन पोरांचे बाप, ताशाच्या रांगेतला मल्लप्पा गेल्या वैशाखात बोहल्यावर चढला आणि हळद निघायच्या आत सरावाला हजर. त्यांची ओटी कुणी भरली नव्हती. लग्न ठरलं की निरोप, हा नियम कुणी आणि कधी केला असं मी विचारलं तर सगळे स्पीकरकडे बघायला लागले.

तुला आठवतं, तू मला बघायला आलास तेव्हा पोह्यांच्या आधी मी काय सांगितलं होतं? आईनं डोळे वटारले तरी मी सांगितलं, की मी ढोल वाजवते, लग्नानंतरही वाजवणार, पुण्याहून गणपतीत महिनाभर सोलापूरला येणार, पटत असेल तर पुढचं बोलू. तू हसलास आणि म्हणालास, माझी काही हरकत नाही. मला तू तिथेच आवडलास, हे मी तुला कधी सांगितलं नाही, आज सांगते. नंतर एकदा सरावाला आलास, पायरीवर बसून शेंगाची चटणी आणि कडक भाकरी खात होतास आणि मध्येच खाणं थांबवून माझ्याकडे बघत बसलास. त्या दिवशी माझा हात इतका सुटला की टिपरू मोडलं. तुझ्या आईंनी साखरपुड्यात ‘सूनबाई आता मिरवणुकीत नाचणार का’ असं विचारलं, तेव्हा तू पाणी प्यायला उठून गेलास, तेही मी पाहिलं होतं. म्हटलं, असेल बिचाऱ्याला तहान.

ओटीतली पिशवी मी रविवारी उघडली. आत साडी होती, मोरपंखी, काठाला बारीक रुईफुलाची नक्षी. सात रस्ता चौकातल्या दुकानात आपण बस्त्याची पाहणी करायला गेलो होतो तेव्हा मी हीच साडी हातात घेऊन बराच वेळ उभी होते आणि मग फार महाग म्हणून घडी घालून ठेवली होती. आई तेव्हा खाली चपलांपाशी होती. शेजारी फक्त तू होतास. मग माझ्या डोक्यात तुझा शनिवारचा मेसेज आला. कार्यक्रम कसा झाला. कार्यक्रम आहे हे मलाच फाटकावर पोचल्यावर कळलं होतं रे, तुला पुण्यात बसून कसं कळलं?

सोमवारी मी हिंदुरावांना गाठलं. त्यांना वाटत होतं मला सगळं माहीत आहे. “ताई, तुमच्या मालकांचाच फोन होता की. म्हणले, तिच्या तोंडून निघायचं न्हाय, तुमीच गोडीनं निरोप द्या, खर्चाचं मी बघतो. लई चांगलं माणूस मिळालंय तुमास्नी.” लई चांगलं माणूस! तू समोर बसून ‘सोड तो ढोल’ म्हणाला असतास तर मी भांडले असते, रडले असते, तुझ्या आईंशीही बोलले असते. कदाचित मधला रस्ता काढलाही असता. पण तू हरकत नाही म्हणालास आणि माझी गाठ दुसऱ्याकरवी सोडवलीस, वर आवडीची साडी ओटीत घालून. फ्लेक्सपेक्षा, केकपेक्षा मला त्या साडीची जास्त किळस आली, आणि ती अजून मला आवडते याची त्याहून जास्त.

काल मी ढोल धुतला, वाळवला आणि परत बांधला. कड्याला पाय लावून, मागे रेलून एकेक दोर ओढला. तळहात सोलले आहेत म्हणून अक्षर असं वेडंवाकडं येतंय. आज सरावाला गेले आणि पहिल्या रांगेत माझ्या जागेवर उभी राहिले. हिंदुराव काहीतरी बोलायला पुढे आले, पण मी टोला दिला आणि मागच्या रांगा सुरू झाल्या, मग ते बाजूला झाले. साडी आणि अंगठी घेऊन बाबा रविवारी तुमच्याकडे येतील. त्यांना कपभर चहा पाजल्याशिवाय पाठवू नका, त्यांचा यात काही दोष नाही. पत्र मात्र मीच लिहायला हवं होतं, कारण आमच्यात जाणाऱ्यानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं असतं, कशासाठी ते सांगायचं असतं, आणि गाठ आपल्या हातानं सोडायची असते. मी चालले, हृषीकेश. पथकातून नाही.

पहिल्या रांगेतली,
इंद्रायणी