शेठला न पटलेले तीन साचे

वस्ताद, काल बाजारपेठेत शेठनं तुमची गोष्ट पुन्हा सांगितली. तेव्हापासून माझ्या तोंडाची चव गेली आहे. संस्थान विलीन झालं म्हणून पेढे वाटायचे होते, शेठच्या दुकानापुढं खुर्च्या मांडल्या होत्या. शेठ आता म्हातारा झालाय, पोट मात्र तसंच तरुण आहे. मागे तांदळाच्या पोत्यांची थप्पी, आणि प्रत्येक पोत्यावर तुम्ही कापलेल्या साच्यातून उठलेला बगळा. त्या बगळ्याला पाठ टेकून हा माणूस लोकांना सांगतो, "आपल्या भोरात एक पत्रेवाला होता, मुसलमान. आपली लक्ष्मी कापायला नको म्हनला. तरी आपण त्याचं कधी मनावर घेतलं न्हाई." लोकांनी माना हलवल्या. पेढा माझ्या हातात होता, तो मी गटारात टाकला.

तुमच्याकडं मी आलो तो भाटघरच्या धरणात आमचं शेत गेल्यावर. चांगला जाणता गडी होतो, औत धरलेले हात होते आणि शहाणपणही नको तेवढं होतं. तुमचं दुकान म्हणजे बादल्या, डबे, कंदिलाची डागडुजी, आणि सुगीच्या आधी व्यापाऱ्यांच्या छापांचं काम. पत्र्यात चित्र कापायचं, तो साचा पोत्यावर धरायचा आणि काजळी-तेलाचा बोळा वरून मारायचा, की झाली छाप. वेल्ह्याकडच्या बाईला वाचता येत नसलं तरी कंदील छाप कुणाची आणि कोंबडा छाप कुणाची हे तिला बरोबर ठाऊक असायचं. एका गिऱ्हाइकासाठी तुम्ही तीन साचे कापायचा. तीन वेगळी चित्रं, तिन्ही पत्र्यातच, तिन्ही पुरी. गिऱ्हाईक त्यातला एक उचलायचं आणि उरलेले दोन तुम्ही मागच्या भिंतीवर खिळ्याला अडकवायचा. मला ती उधळपट्टी वाटायची. कागदावर काढून दाखवा, पत्रा काय झाडाला लागतो, असं मी तोंडावर म्हटलं होतं तुम्हाला.

"कागदावर समदं ग्वाड दिसतं," तुम्ही म्हणालात. "तरटावर बोळा मारल्याबिगर कळत न्हाई. आन् दोन टाकल्याबिगर तिसरा सुचत न्हाई."

भिंतीवरचा साचा तुम्ही कधी दुसऱ्या गिऱ्हाइकाला दिला नाहीत, की बादलीला ठिगळ म्हणून वापरला नाहीत. एकदा ठिगळाला पत्रा कमी पडला म्हणून मी एक साचा खाली काढला, तर तुम्ही माझ्या हातातून कातर काढून घेतलीत. संध्याकाळी एवढंच म्हणालात, "त्याच्यासाठी कापलाय. आज नको म्हनला म्हणून तो आपला व्हतो व्हय?"

शेठचे तीन साचे मला आजही डोळे मिटून कापता येतील. तो तेव्हा नुकताच गुंजवण्याच्या बाजूचा आंबेमोहर तांदूळ खरेदी करून पुण्याला पाठवायला लागला होता आणि त्याला स्वतःची छाप हवी होती. तुम्ही आधी भाताची लोंबी कापलीत. काय देखणी होती पत्र्यात. तरटावर मारली तर काजळी दाण्यादाण्यातून पसरली आणि नुसता डाग उठला. मग पायली कापलीत, माप म्हणून. ती साफ उठली, पण तुम्हीच म्हणालात की हे कुणाचंही असंल, तेल्याचंबी चालंल. त्यानंतर दोन दिवस तुम्ही लोंबीचा साचा मांडीवर घेऊन बसलात. साच्यात मधला तुकडा गळून पडू नये म्हणून पत्र्याची बारीक पट्टी सोडावी लागते, तिला तुम्ही पूल म्हणायचा. लोंबीत पूल फार झाले होते आणि ते नको तिथं आले होते. "पूल लपवायचा न्हाई," तुम्ही म्हणालात, "जितं मानसाला रेघ दिसायचीच हाय तितं ठिवायचा." आणि तुम्ही बगळा कापलात. पायांवरून दोन आडवे पूल गेले होते, आणि तरटावर छाप उठली तेव्हा ते खाचरातलं पाणी दिसत होतं. बगळा पाण्यात उभा होता. बिघडलेल्या लोंबीशिवाय तो बगळा झालाच नसता, हे मला समोर दिसत होतं.

शेठ आला. बोटातल्या अंगठ्यांनी तिन्ही साचे टकटक वाजवून पाहिले आणि म्हणाला, "ह्यात काय दम न्हाई. लक्ष्मी पायजे. कमळावर बसलेली, चार हातांची."

तुम्ही हात पुसलेत. "शेठ, लक्ष्मी दुकानात लावा, मी पत्र्याची चौकट फुकट करून देतो. पोत्यावर नको. पोतं शेवटी पायात येतं. कुनी बसतंय, कुनी पाय पुसतंय. देवीला तसं करायला मला न्हाई जमायचं."

"तसं न्हाई ते," शेठ हसला. "तुमाला आमची देवी कापायची न्हाई, असं सरळ सांगा की."

मी तिथं होतो. ते हसू मला अजून दिसतं. तुमचं म्हणणं त्याला चांगलं कळलं होतं. कळूनसुद्धा त्यानं ते वाकवलं, कारण वाकवलेलं बाजारात जास्त चालतं. आठ दिवसांत ते नसरापूरपर्यंत पोचलं. कंदीलवाला यायचा थांबला, कोंबडेवाल्यानं पुण्याहून साचा आणला. शेठची लक्ष्मीही पुण्याहूनच आली. तिचा एक डोळा काजळीनं बुजायचा, त्याचं त्याला काही नव्हतं. दुकानात फक्त गळक्या बादल्या यायला लागल्या. घर चालवायला तुमच्या घरात चाचींनी पाळलेल्या कोंबड्या विकल्या. मी तुमच्या हातापाया पडलो, चला, चौकात उभे राहा आणि जे दुकानात बोललात तेच तिथं बोला, लोक तुम्हाला मानतात. तुम्ही कातरीला धार लावत राहिलात.

"बोललं की देवीवर वाद व्हतो. पोतं ऱ्हातं बाजूला. पटंल लोकास्नी आपसूक."

आणि पटलंही, पण तुम्ही खोकून खोकून गेल्यावर दोन वर्षांनी. भात भरायला शेठ शेतकऱ्यांना छापाची पोती द्यायचा, पण ती रिकामी झाली तेव्हा वेल्ह्याच्या बायकांना अंथरवेनात. त्या पोत्यातून लक्ष्मीचा तुकडा विळ्यानं कापून घ्यायच्या आणि नदीत सोडायच्या. शेठची रिकामी पोती परत आली ती पोटाला भोक घेऊन. पुढच्या सुगीला शेतकरी म्हणाले, आमाला बिनछापाची पोती द्या. तेव्हा हा माणूस आपल्या दुकानाची पायरी चढला, वस्ताद. तुमच्या मयताला न आलेला हा माणूस थेट मागच्या भिंतीशी गेला आणि बोट दाखवून म्हणाला, "तो बगळा अजून हाय न्हवं?"

मला त्याला हाकलून द्यायचं होतं. चाची आतून आल्या, त्यांनी स्वतः खिळ्यावरून साचा काढला, पदरानं पुसला. "घ्या," म्हणाल्या. "त्येंनी तुमच्यासाठीच कापला हुता." शेठनं तो बगलेत मारला आणि गेला. त्याला लाज वाटली असेल तर ती मला दिसली नाही. पुढं बगळा छाप पुण्यात गाजली. पांढरा तांदूळ, पांढरा बगळा, मला रात्री झोपेत सुचलं, असं तो गिऱ्हाइकांना सांगतो.

हल्ली माझ्याकडं येणारे म्हणतात, एकच दाखवा, पण चांगला दाखवा. मी तीनच कापतो. जे टाकलं त्यात काय होतं हे समोर नसलं, तर जे घेतलं त्याची किंमत घेणाऱ्याला कळत नाही आणि कापणाऱ्यालाही कळत नाही. लोक हसतात. हसोत. मला किळस येते ती त्यांच्या घाईची, नाकारलेलं ते फुकट असं मानणाऱ्या त्यांच्या तोंडाची. सगळ्यात जास्त त्या शेठची येते. नाकारलेल्या साच्यावर त्यानं उभा जन्म काढला आणि साचा कापणाऱ्याला अजून बदनाम करतो.

काल मी खुर्चीवरून उठलो आणि सगळ्यांसमोर बोललो. पोतं पायात येतं म्हणून वस्ताद नको म्हणाले, मी तिथं होतो, असं सांगितलं. शेठनं डोळे मिचकावले. "बगा, अजून वस्तादाचं मीठ हाय पोटात," म्हणाला, आणि लोक हसले. एक पोरगेलासा दुकानदार मला म्हणाला, "जाऊ द्या ना, काका. खरं असतं तर ते स्वतःच बोलले नसते का तेव्हा?"

मी तिथून चालता झालो. परतताना तुमच्या गल्लीत चाची ओट्यावर बसल्या होत्या, बाजारात कसला आवाज होता म्हणून त्यांनी विचारलं. मी फक्त पेढे वाटल्याचं सांगितलं.

हे लिहून कबरस्तानात येणार होतो, तुमच्याजवळ बसून वाचणार होतो. आता नाही येणार. इतकी पानं मी शेठला शिव्या घालतोय आणि ह्या शेवटच्या पानावर येऊन मला कळतंय की शेठवर मला राग नाही, त्याची नुसती किळस आहे. राग तुमच्यावर आहे, वस्ताद. तुमचा शब्द चालत होता तेव्हा तुम्ही कातरीला धार लावत बसलात, आणि चाचींना ह्या गावात अजून राहायचं आहे.