आपल्या टेबलावरील शंख हाताने न उचलण्याबाबत

दि. १४ मार्च, दुपारी ३ वाजून १० मिनिटे
(कार्यालयाबाहेरील बाकावरून)

प्रति,
मा. मत्स्य परवाना अधिकारी,
नगरपालिका कार्यालय, बाटोनान बेट.

विषय : आपल्या टेबलावरील जप्त शंखात जिवंत व विषारी गोगलगाय असल्याबाबत, आणि ती उचलण्यासाठी श्री. पोलिकार्पो इनोक यांस कोठडीतून तात्काळ बोलावण्याबाबत.

संदर्भ : १) आपला काल दि. १३ मार्चचा जप्ती पंचनामा. २) माझे आजचे दोन अर्ज, दोन्ही परत आलेले.

महोदय,

हा अर्ज हाती पडेल तेव्हा तो शंख टेबलावर असेल, तर तिथेच राहू द्यावा. हातात असेल, तर हळूच खाली ठेवावा आणि मगच पुढे वाचावे.

मी, उर्सुला तुमुलाक, वय ७१, या बेटाच्या प्राथमिक शाळेत अडतीस वर्षे विज्ञान शिकवून निवृत्त झाले; येथे सगळे मला माएस्त्रा, म्हणजे बाई, म्हणतात. आपण डोंगराकडच्या प्रांतातून दोन महिन्यांपूर्वी येथे आलात. म्हणून जे येथील चार वर्षांच्या मुलालाही ठाऊक असते, ते आपणांस कोणी सांगितले नसावे. येथे किनाऱ्यावर नक्षीदार शंकूसारखा शंख दिसला की मुले दोन्ही हात पाठीमागे बांधतात आणि मोठ्या माणसाला हाक मारतात. ही सवय मी प्रत्येक वर्गाला पहिल्या दिवशी, मुळाक्षरांच्याही आधी लावली आहे.

काल आपण श्री. इनोक यांच्या घरून बेचाळीस शंख जप्त केले. आज सकाळी अकरा वाजता त्यांतला सर्वांत देखणा, तपकिरी जाळीच्या नक्षीचा व लाल रंगाने १७ आकडा घातलेला शंख आपण कागद उडू नयेत म्हणून टेबलावर ठेवलात. मी दार वाजवले, तेव्हा आपण दार किलकिले करून म्हणालात, "माएस्त्रा, तो रिकामा आहे हो. मी कानाला लावून बघितला. छान समुद्राचा आवाज येतो." त्यानंतर, "काय असेल ते लिहून द्या," असे सांगून आपण दार आतून लावून घेतलेत.

महोदय, तो रिकामा नाही. पाण्याबाहेर काढल्यावर ही गोगलगाय आत अंग चोरून बसते आणि त्या स्थितीत ती कित्येक तास, कधी दिवसभराहूनही अधिक जगते. तिच्या तोंडाशी पोकळ, काटेरी दात असतो. तो ती भाल्यासारखा फेकते. शंख कुठल्याही बाजूने धरला तरी तिची सोंड बोटापर्यंत पोहोचते. या जातीच्या दंशाला पुष्कळदा दुखतही नाही. आधी ओठ बधिर होतात, मग पापण्या जड होतात, मग श्वास थांबतो. यावर उतारा नाही. श्वास कृत्रिम रीतीने चालू ठेवणे एवढाच उपाय, आणि ते यंत्र बोटीने तीन तासांवर आहे.

माझा पहिला अर्ज विषय क्रमांक नसल्याने परत आला. दुसरा आपले कारकून श्री. बेनिग्नो यांनी परत केला. ते म्हणाले, "माएस्त्रा, तुमच्या वयाला शोभतं का हे? कंडोम हा शब्द मी आवक वहीत कसा चढवू?" तो शब्द मी आपल्याच पंचनाम्यातून घेतला होता. तेथे 'बेचाळीस शंख, एक बादली लहान मासे व एकशे चव्वेचाळीस कंडोम. प्रयोजन संशयास्पद' असे लिहिले आहे. प्रयोजन पुढीलप्रमाणे आहे.

श्री. इनोक हे पाणबुडे मच्छीमार आहेत व माझे माजी विद्यार्थी आहेत. ते लहान कुपीच्या तोंडावर कंडोमचे पातळ रबर ताणून बसवतात, त्यावर माशाचे शेपूट ठेवतात आणि कुपी चिमट्याने गोगलगायीपुढे धरतात. ती शेपटीवर दात मारते, विष रबरातून कुपीत उतरते. मग तिला बक्षीस म्हणून एक मासा मिळतो. ती मरत नाही. पुढच्या आठवड्यात पुन्हा विष देते. दुकानदारीण त्यांना दर महिन्याला विचारते, "पोली, सात पोरं झाल्यावर आता सुचलं होय तुला?" ते हसतात आणि डबा घेऊन जातात. कुप्या विद्यापीठाच्या संशोधन केंद्रात जातात. केंद्राचे पत्र भिंतीवर चिकटवलेले होते. जप्तीच्या वेळी ते कोणी वाचले नाही.

या विषात शेकडो निरनिराळे घटक असतात. मुलांना मी सांगते की ती एक किल्ल्यांची जुडी आहे, आणि प्रत्येक किल्ली शरीरातले एकच कुलूप उघडते किंवा बंद करते. हिच्याच एका बहिणीच्या विषातल्या एका किल्लीवरून वेदना थांबवणारे औषध तयार झाले आहे. जिथे मॉर्फिन हरते तिथे ते देतात. आपल्या टेबलावरच्या जातीजवळ तर इन्सुलिन आहे. त्याने माशांची साखर उतरते, ते गुंगतात आणि ती त्यांना गिळते. मधुमेहींसाठी त्यापासून जलद काम करणारे औषध होईल का, याचा अभ्यास चालू आहे. सतराव्या क्रमांकाच्या नोंदी चार वर्षांच्या आहेत. म्हणून मला तीही जगायला हवी आहे. परंतु आधी आपण.

आता ३ वाजून ३५ मिनिटे झाली आहेत. आपली कन्या लिओनीसा रोज चार वाजता शाळेतून येते व आपल्याच टेबलावर गृहपाठ करते, हे बेनिग्नो यांनी मला आताच सांगितले. ते त्यांनी सहज सांगितले. नंतर त्यांचाच चेहरा उतरला. दार वाजवा म्हटले तर म्हणतात, "साहेब प्रांताशी फोनवर आहेत, माझी नोकरी जाईल. तुम्ही लवकर लिहा, मी दाराखालून सरकवतो. शिक्क्याचं मग बघू."

तरी विनंती अशी की,

१) आपण खुर्ची मागे घेऊन टेबलापासून दूर व्हावे.

२) श्री. इनोक कोठडीत आहेत, ती याच इमारतीच्या मागे चाळीस पावलांवर आहे. त्यांना लांब चिमटा व समुद्राच्या पाण्याची बादली देऊन आत बोलवावे. या बेटावर तिला सुखरूप उचलणारा दुसरा माणूस नाही. हवे तर बेड्या घालून आणावे, फक्त हात पुढे बांधावेत.

३) त्यांच्यावरील आरोपाची चौकशी उद्या, परवा, केव्हाही करावी. साक्षीला मी येईन.

३ वाजून ५० मिनिटे. लिओनीसा आज लवकर आली. ती माझ्या शेजारी बाकावर बसली आहे. मी तिला हात पाठीमागे कसे बांधायचे ते शिकवले. तिला ते एकदाच सांगावे लागले. आपण आतून हाक मारलीत तरी मी तिला आत सोडणार नाही. हा सरकारी कामातला अडथळा ठरत असल्यास माझ्यावर गुन्हा नोंदवावा. तिला घरी न्यायला आपण स्वतः बाहेर यावे. रिकाम्या हाताने.

आपल्याच दाराशी थांबलेली,
उर्सुला तुमुलाक
निवृत्त शिक्षिका

सोबत :
१) संशोधन केंद्राचे पत्र (श्री. इनोक यांच्या पत्नीने आणून दिलेले).
२) कु. लिओनीसा हिची आपल्या नावे चिठ्ठी. तिने ती मला वाचू दिली नाही. ती लिहिताना हात सोडायची परवानगी मात्र तिने मागितली.