जागेवरून हलू नका

१ सप्टेंबर
लागले बाई एकदाची नोकरीला! कोल्लमच्या मासळी बंदरात, बर्फाच्या कारखान्यावरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. चार संगणक, एक कुरकुरणारा पंखा आणि खिडकीत अख्खा समुद्र. वासाचं मला काय, मच्छीमाराचीच पोर मी. काम मात्र मनासारखं मिळालं. होडी संकटात सापडली की फोनवरच्या आमच्या पानावर लाल बटण दाबायचं. निरोप थेट किनाऱ्यावरच्या बचाव कक्षात. सजीवन सर म्हणाले, जिन्सी, आधीची मुलगी न सांगता पळाली, तू तरी टिक. चहा करणाऱ्या लिस्सीचेचीने, म्हणजे लिस्सीताईने, केळ्याची गरम भजी दिली आणि लगे हात लग्नाचंही विचारून घेतलं.

३ सप्टेंबर
आधीच्या मुलीचा कोड वाचला. काय शहाणपणा करून ठेवलाय! निरोप पाठवताना काही चुकलं की कोड ती एरर गुपचूप गिळून टाकतो. बटण दाबणाऱ्याला मात्र हिरवी खूण दिसते: ‘मदत निघाली आहे. जागेवरून हलू नका.’ निरोप पोहोचो न पोहोचो! मी ते गिळणं बंद केलं. आता प्रत्येक एरर माझ्या पडद्यावर लाल अक्षरांत येईल.

दुपारी दोन सतराला पहिली आली. क्लीटस नावाचा कोणी, किनाऱ्यापासून अकरा किलोमीटर. निरोप गेला नाही, बचाव कक्षाचा पत्ता चुकीचा. मी घाईघाईने त्याला फोन लावला, तो बंद. लिस्सीचेचीला नाव सांगितलं तर तिने छातीवर क्रूस काढला. म्हणाली, अगं, तो मार्चमध्येच बुडाला. भावाची होडी अर्ध्या तासावर होती, पण याने त्याला फोनसुद्धा केला नाही. का केला नाही, देव जाणे.

का ते मला कळलं: ती हिरवी खूण.

५ सप्टेंबर
जुना निरोप कुठे अडकला असेल म्हणून पुसून टाकला होता. काल दोन सतराला परत. सहा किलोमीटर. आज परत. बंदराचा धक्का.

सरांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, पत्ता बदलायला परवानगी लागते, महिना जाईल. उद्या खात्याचे साहेब पाहणीला येतायत, एवढं लाल दिसलं तर काम हातचं जाईल, पूर्वीसारखं करून टाक. मी म्हटलं, सर, माणसं समुद्रात आहेत. तर म्हणे, मग तू पोहत जाऊन वाचव.

६ सप्टेंबर
केलं. दोनच ओळी होत्या. पाच महिने घरी बसून काढल्यावर नोकरी सोडवत नाही, खरं सांगायचं तर. साहेब खूश होऊन गेले. दोन सतराला पडदा हिरवागार.

आणि मग लक्षात आलं. तो यायचा थांबलेला नाही. कुठवर आलाय ते फक्त मला दिसत नाही.

७ सप्टेंबर
जिन्याच्या चार पायऱ्या ओल्या. लिस्सीचेची म्हणते, खालचा बर्फ वितळला असेल. मी बोट लावून चाखलं. खारट.

८ सप्टेंबर
आज सगळ्या पायऱ्या. लिस्सीचेची आलीच नाही. सर जेवायला बाहेर. परवानगी गेली खड्ड्यात, पत्ता मीच बदलते म्हणून कोड उघडायला गेले— उघडत नाही. सगळ्या पडद्यांवर हिरवी खूण—

दोन दहा. जिन्यात कोणीतरी. अनवाणी. दाराला कडी लावली. फटीतून पाणी येतंय—

कुठलाही नंबर लावला तरी फोनवर आमचंच पान. लाल बटण.

दाबलं.

‘मदत निघाली आहे. जागेवरून हलू नका.’

खोटं आहे ते. ते गिळणं मीच परत लावलंय. मला माहीत आहे की कोणीही—

दोन सोळा. खिडकी उघडी आहे. खाली जाळ्यांचा ढीग, उडी मारली तरी लागणार नाही. ऊठ जिन्सी. ऊठ ना.

पण खूण किती हिरवी आहे. वाटतं, खरंच कोणीतरी निघालं असेल, थोडं थांबलं तर आत्ता पोहो—