मशीन नातीला नाही

बाळ्या, हे वाचायला बसण्याआधी उठ आणि गॅसवर दूध ठेवून आलेला नाहीस ना, ते बघ. बघितलंस? आता पुन्हा जा, कारण पहिल्या खेपेला तू नुसतं पाणी पिऊन आलास.

तर, मी खाली अंगठा उठवणारी, शिवणकाम करणारी विधवा बाई, कागदावर आहे त्याहून वयाने थोडी मोठी, माझ्यामागे काय कोणाचे व्हावे ते वकिलांना तोंडी सांगून लिहवून घेत आहे. मला अक्षर येत नाही. बोलणे येते, आणि ते जरा जास्तच येते असे वकिलांचे मत पडले. कोणी मला धमकावलेले नाही, फूस लावलेली नाही. तशी कोणाची छातीही नाही. बुद्धी शाबूत असल्याचा दाखला डॉक्टरांनी दिला आहे. त्यांनी विचारले, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटले, "तुमची विजार आखूड करून द्यायचा." त्यांनी सही केली. काळीज थकल्याचे त्यांनीच यंत्रावरच्या रेघा दाखवून सांगितले. माझी त्याबद्दल तक्रार नाही. इतकी वर्षे तेल न घालता दुसरे कोणते यंत्र चालले असते?

कलम पहिले. दुकान आणि दुकानामागची खोली माझा एकुलता एक मुलगा बाळ्या याला. खोलीच्या कोपऱ्यात छताला ओल आहे, तीही त्यालाच.

कलम दुसरे. मोठी कात्री माझ्या जाऊबाईंना. ती तशीही त्यांच्याकडेच आहे. एका दिवसापुरती म्हणून नेली होती. त्या कात्रीने त्यांनी कागद कापला, म्हणजे धार गेली. कापडाच्या कात्रीने कागद कापणाऱ्या माणसाला मी माफ करू शकते, पण ती कात्री परत घेऊ शकत नाही. यावर वकील म्हणाले, "आजी, ताब्यात नसलेली वस्तू अशी देणं बरं दिसत नाही." मी म्हटले, "मग राग लिहा. तो माझ्या ताब्यात आहे." त्यांनी कात्रीच लिहिली.

कलम तिसरे. शिलाई मशीन. हे नातीला, म्हणजे बाळ्याच्या लेकीला, मिळणार असे सगळे धरून चालले आहेत, कारण घरात माझ्यानंतर शिवणाचा हात तिचाच. तर मशीन नातीला नाही. का नाही, तेही लिहा म्हटले. वकील म्हणाले, कारण लिहिण्याची गरज नसते. मी म्हटले, तुम्ही आमच्या बाळ्याला ओळखत नाही.

आमच्या घरात 'ऑफिसात बोलावलंय' याचा अर्थ एकच. माझे यजमान गोदामात माल उचलत. त्यांना ऑफिसात एकदाच बोलावले. ते डबा आणि छत्री घेऊन भर दुपारी घरी आले, ते पुन्हा गेलेच नाहीत. बाळ्याला छापखान्यात एकदाच बोलावले. तो तर डबाही तिथेच विसरून आला. नात विद्यापीठात गेली, आमच्यातली पहिलीच. पहिल्या वर्षी तिच्या मोबाइलवर निरोप आला, की सल्लागार बाईंना कार्यालयात येऊन भेटावे. तिने वसतिगृहाची किल्ली परत केली, गादी गुंडाळली आणि घरी आली. रडली नाही. सरळ मशीनवर बसली आणि गिऱ्हाइकाच्या पडद्याची पट्टी मारायला लागली. विचारले तर म्हणाली, "हाकलण्याआधी आपणच निघालेलं बरं." बाळ्या म्हणाला, "शहाणी आहेस." माझ्या तोंडात टाचण्या होत्या.

त्याच आठवड्यात दुकानाच्या दारात एक बाई येऊन उभ्या राहिल्या. हातात कापड नाही, म्हणजे गिऱ्हाईक नव्हे.

"तुमच्या नातीला भेटायचंय. मी विद्यापीठातली सल्लागार."

"काढलंत ना तिला? मग आता घरापर्यंत कशाला?"

"कोणी काढलं?"

"तुम्हीच. ऑफिसात बोलावलंत."

"अहो आजी, विषय झेपतायत का, ते विचारायला बोलावलं होतं!"

मशीन थांबले. नात म्हणाली, "मग तसं लिहायचं ना मॅडम!"

बाई स्टुलावर बसल्या. म्हणाल्या, "आम्ही सगळ्यांना एवढंच लिहितो, येऊन भेटा. बरीच मुलं येतच नाहीत. मला वाटायचं, कंटाळा करतात."

मग निघाले असे, की नातीने असतील नसतील तेवढे विषय घेऊन ठेवले होते. का, तर म्हणे, "समोर आलं त्याला नाही कसं म्हणायचं? पानात टाकू नये." बाई हसल्या. "विद्यापीठात टाकतात गं. मुदतीच्या आत सोडलास, तर त्याला नापास म्हणत नाहीत." हे आमच्या घरात कोणाला माहीत असायचे कारणच नव्हते. आमच्यात शिक्षण म्हणजे गणवेशाची विजार आणि ती आखूड होईपर्यंतची शाळा. बाईंनी दोन विषय सोडायला लावले, शिष्यवृत्ती कुठे मागायची ते सांगितले, आणि नात गादी उचलून परत गेली. जाता जाता बाईंनी मला समजावे म्हणून शिवणकामाचा एक दृष्टांत दिला. तो चुकला होता. मी दुरुस्त केला नाही, पाहुण्या होत्या.

आता नात शेवटच्या वर्षाला आहे. पण घरात कोणी शिंकले तरी ती गादी गुंडाळायला घेते. मी गेले की ती येऊन मशीनवर बसेल, "बाबांना आता कोण आहे?" म्हणेल, आणि बाळ्या म्हणेल, "थोडे दिवस." यजमान छत्री घेऊन परत आले त्या दिवशी मीही थोडे दिवस म्हणूनच बसले होते.

गेल्या सुट्टीत तिने स्वतःच विषय काढला. "आजी, मला मशीन ठेव."

"नाही."

"मग काय ठेवतेस?"

"फी."

"फी काय ठेवायची वस्तू आहे? आठवण म्हणून मागतेय मी."

"त्याच्यावर बसलीस की उठणार नाहीस. मला विचार. मी बसलेय."

 संध्याकाळी ती माझ्या पायाला तेल लावून गेली, जरा जोरातच.

म्हणून मशीन कोपऱ्यावरच्या फुलवालीला. तिचा हात सरळ आहे, आणि तिला विद्यापीठात जायचे नाही, हे मी विचारून घेतले आहे. मी गेल्याची खात्री झाली की त्याच दिवशी, नात घरी पोचण्याआधी, मशीन दुकानातून हलवावे.

कलम चौथे. बँकेत असेल ते नातीच्या फीला. पुढे शिकली तर पुढच्याही फीला. ओलीच्या दुरुस्तीला नाही, आणि बाळ्याला मधूनमधून सुचणाऱ्या धंद्यांना तर नाहीच. आतल्या खोलीतली खाटही तिची. फक्त सुट्टीत वापरायची.

कलम पाचवे. नात परत गेली त्या वेळेपासून दुकानाच्या सुट्टीच्या दिवशी सल्लागार बाई दुकानातल्या बाकावर येऊन बसतात. ज्यांच्या घरात कोणी कॉलेज पाहिलेले नाही अशी आजूबाजूची पोरे, ऑफिसची पाटी दिसली की जी दारातूनच मागे फिरतात, ती इथे बटण लावायच्या निमित्ताने येतात. काहींनी त्यासाठी चांगली बटणे तोडली आहेत. बाळ्याने दुकान कोणालाही भाड्याने द्यावे, पण तो दिवस आणि तो बाक त्या पोरांचा. त्यात कसूर झाली तर दुकान जाऊबाईंना जाईल. बाळ्याला याहून मोठी शिक्षा मला सुचली नाही.

वरील सर्व मजकूर वकिलांनी मला दोनदा वाचून दाखवला. दुसऱ्यांदा त्यांना हसू आवरले नाही, तरी मजकूर तोच होता.

ठिकाण : दुकानामागची खोली.
दिनांक : वकिलांच्या शिक्क्यावर आहे तो.
मृत्युपत्र करणारीचा डाव्या हाताचा अंगठा.
साक्षीदार पहिल्या : सल्लागार बाई. सही. यांना या कागदाने काहीही मिळत नाही, आणि त्यांनी मागितलेलेही नाही.
साक्षीदार दुसरे : शेजारचे घड्याळजी, उशिरा आले. सही.

अंगठा उठवल्यावर एक राहिलेले आठवले. साक्षीदार बसलेलेच आहेत. याच्याखाली त्यांनी पुन्हा सह्या कराव्यात, मीही पुन्हा अंगठा उठवते.

परीक्षेच्या दिवसांत मी गेले, तर शेवटचा पेपर होईपर्यंत नातीला कळवू नये, असे मी सांगायला घेतले. बाईंनी मध्येच अडवले. "लपवू नका आजी. अर्ज असतो. पेपर नंतर देता येतो."

"मेलेल्या आजीसाठी?"

"त्यासाठीच."

हेही आम्हाला कोणी सांगितले नव्हते. तेव्हा लपवू नये. फोनवरही सांगू नये. बाळ्याने स्वतः वसतिगृहात जाऊन सांगावे, आधी तिच्याबरोबर बाईंकडे जाऊन तो अर्ज द्यावा, मगच तिला घरी आणावे, आणि चार दिवसांनी स्वतः परत पोचवावे. पोचवायला रिकाम्या हाताने जाऊ नये. टिकाऊ खाऊ मात्र अजिबात नेऊ नये. तो ती दार लावून एकटीच महिनाभर पुरवून खाते. पिकलेली केळी न्यावीत, अख्खा घड, सालीवर काळे ठिपके पडलेली, दुसऱ्या दिवशी टिकणार नाहीत अशी. एकटीला संपणार नाहीत, आणि टाकवणार तर नाहीतच. शेजारच्या खोल्यांची दारे वाजवावीच लागतील.