अहो, मी रोलर कोस्टरवर बसले

अहो,

ही गोष्ट दुसऱ्या कुणाला सांगून माझं समाधान होत नाही, म्हणून तुम्हाला लिहायला बसले. शेजारणींना सांगितली, त्या तोंडाला पदर लावून हसल्या. शिवणक्लासच्या पोरींनी टाळ्या वाजवल्या. पण ही ऐकून जेवता जेवता ताटावरून उठला असता असा माणूस एकच, आणि तो गेल्या वर्षी सकाळचा चहा अर्धा ठेवून निघून गेला. तर ऐका. मी रोलर कोस्टरवर बसले. एकावर नाही, दोनवर. आणि दोन्ही वेळा स्वतःच्या पायांनी चालत बाहेर आले.

खोटं वाटतंय ना? वाटणारच. तुमच्या डोळ्यांसमोर अजून लग्नानंतरची ती पहिली जत्रा असणार. मी म्हणत होते, आधी लाकडी घोड्यांच्या चक्रात बसूया. तुम्ही माझं मनगट धरलंत आणि थेट सगळ्यांत मोठ्या आकाशपाळण्यात नेऊन बसवलंत. अगदी वर गेल्यावर चक्र थांबलं, आणि मला हसवायचं म्हणून तुम्ही पाळणा पायांनी झुलवायला लागलात. मी अशी किंचाळले की पाळणेवाल्यानं घाईनं चक्र खाली घेतलं. उतरल्या उतरल्या नव्या साडीवर ओकले. सगळी जत्रा बघत होती.

त्यानंतर तुम्ही मला कधी ओढलं नाहीत, हे खरं. पण ती गोष्ट मात्र जन्मभर सांगत राहिलात. पै-पाव्हण्यांत, दूध संघातल्या तुमच्या सोबत्यांत, आपल्या गौरीच्या लग्नातसुद्धा. "आमची सुमन पाटावर उभी राहिली तरी तिला चक्कर येते." सगळे हसायचे, मीही हसायचे. हसता हसता मलाही ते पटलं. पुढं तुम्ही बापलेक जे फिरेल, जे उडेल त्यात बसलात, आणि मी खाली तुमच्या चपला, पिशव्या आणि भेळेचे पुडे धरून उभी राहिले.

एकदा तरी विचारायचं होतंत हो, सुमन, तुला यातलं कुठलं चालेल? मी काहीतरी निवडलं असतं.

तुम्ही गेल्यावर गौरीनं मला काचेच्या बरणीसारखं जपायला सुरुवात केली. पोरीचा काय दोष? पुण्याहून ती पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. मग तिनं ठरवूनच टाकलं की आई आता एकटी राहणार नाही. पुण्याच्या घरातली एक खोली तिनं माझ्यासाठी रंगवून घेतली. कोल्हापूरचं, शाहूपुरीतलं घर भाड्यानं द्यायचं, शिवणक्लास कायमचा बंद, मशिनी कुणा गरजूला देऊन टाकायच्या. मी प्रत्येक गोष्टीला "बरं" म्हणत गेले. रात्री अंथरुणात पडलं की वाटायचं, उद्या सांगू. उद्या फोन आला की परत "बरं".

क्लास तर तुम्ही गेलात त्या दिवसापासून बंदच होता. माडीवरच्या मशिनींवर मी चादरी घातल्या होत्या. मुली रस्त्यात भेटल्या की विचारायच्या, काकू, कधी सुरू करताय? त्यांनाही मी "बघू" म्हणायचे.

वर्षश्राद्ध झालं आणि गौरी म्हणाली, आता जरा बाहेर पडायचं. मला आणि तुमच्या बहिणीला, शालन वन्संना, तिनं पुण्याला नेलं आणि तिथून घाटाखालच्या एका मोठ्या थीम पार्कमध्ये. वन्सं कशा आहेत ते तुम्हाला मी काय सांगू? पन्हाळ्याच्या पायथ्याला म्हशी आणि ऊस एकहाती सांभाळणारी बाई. गाडीत बसल्यापासून त्यांचं एकच, आपण समद्यात बसायचं. गौरी त्यांना हो म्हणाली. माझ्यासाठी मात्र तिनं आधीच ठरवलं होतं. आई सावलीत बसेल, आणि फार तर पोरांच्या झुकझुक गाडीत एक फेरी मारेल.

झालं उलटंच. पहिल्या मोठ्या रोलर कोस्टरच्या दारात पाटी होती, रक्तदाब असणाऱ्यांनी बसू नये. तिथल्या बाईंनी वन्संना विचारलं, गोळ्या चालू आहेत का? खोटं बोलायची सवय नाही, त्यामुळं "व्हय" म्हणून मोकळ्या झाल्या. मग हुज्जत घातली. माझं बीपी गावाकडं ऱ्हायलंय म्हणाल्या, म्हशीनं लाथ घातली तरी मला काय होत न्हाय म्हणाल्या. त्या बाईंनी हात जोडले, पण आत काही सोडलं नाही. गौरी एकटीच त्या रांगेत उभी राहिली आणि आम्ही दोघी झाडाखाली येऊन बसलो.

वन्संचा चेहरा एवढासा झाला होता. मला म्हणाल्या, "वैनी, तुमाला तर बीपी न्हाय, साकर न्हाय. तुमी तरी बसा की."

खरं होतं ते. गौरीनंच माझ्या सगळ्या तपासण्या करवल्या होत्या आणि सगळ्या ठणठणीत निघाल्या होत्या. मी नेहमीचं उत्तर द्यायला तोंड उघडलं. पाटावर उभी राहिले तरी, असं म्हणणार होते. आणि मला ते वाक्य तुमच्या आवाजात ऐकू आलं. म्हटलं, हे तर यांचं वाक्य. माझं कुठलं?

मग मी बघायला लागले. ब्लाउजच्या कापडाला कात्री लावायच्या आधी मी कशी ते उलटून-सुलटून बघते, तसं. समोर तीन गाड्या दिसत होत्या. एक लहान, हिरवी, पोरं आणि त्यांचे आईबाप बसत होते ती. दुसरी लाल, चांगली उंच, वरून एकदम खाली येणारी आणि मग वळणं घेत पळणारी, पण कुठंही उलटी न होणारी. तिसरीत माणसांचे पाय मोकळे लोंबत होते आणि ती त्यांना डोकं खाली करून फिरवत होती. तिच्याकडं मी दुसऱ्यांदा बघितलंसुद्धा नाही.

पहिल्या दोन गाड्यांच्या मात्र मी कितीतरी फेऱ्या बघितल्या. माणसं कुठं ओरडतात, कुठं गप्प होतात. वर चढायला वेळ लागतो, पण एकदा सुटली की रामरक्षेचे चार-पाच श्लोक म्हणेपर्यंत गाडी परत जागेवर. उतरून येणाऱ्यांचे चेहरे बघितले. पांढरेफटक फार थोडे होते, बहुतेक जण हसत होते. पांढऱ्या केसांची एक बाई लाल गाडीतून उतरून आली, तिला मी सरळ थांबवून विचारलं. ती म्हणाली, अगदी पुढं बसू नका, समोरचा उतार दिसतो. अगदी मागं बसू नका, हिसका बसतो. मधली जागा धरा आणि डोळे मिटू नका, मिटले की जास्त गरगरतं.

मी उठले. माझी पर्स वन्संच्या मांडीवर ठेवली आणि हिरव्या गाडीच्या रांगेत जाऊन उभी राहिले. पुढं-मागं सगळी शेंबडी पोरं. लाज वाटली का? वाटली. पण पाय मागं घेतला नाही.

गाडी निघाली तेव्हा दांडा असा घट्ट धरला होता की बोटं दुखली. पहिल्या उताराला गाडी एकदम खाली सुटली. आता ओकणार, असं वाटलं आणि तोवर वळण आलं, मग दुसरं, आणि मी डोळे उघडे ठेवले होते म्हणून पुढचं प्रत्येक वळण मला येताना दिसत होतं. तेव्हा कळलं हो. मला उंचीनं कधी त्रास दिलाच नव्हता. पाळणा वर होता म्हणून मी किंचाळले नव्हते. तो कुणीतरी हलवत होतं आणि माझं "नको" कुणाला ऐकू जात नव्हतं, म्हणून किंचाळले होते. एवढी साधी गोष्ट कळायला म्हातारपण यावं लागलं.

इकडं खाली काय झालं ते वन्संनी नंतर सांगितलं. गौरी परत आली, बाकावर मी नाही. तिनं विचारलं, आत्या, आई कुठाय? वन्संनी बोट वर केलं आणि म्हणाल्या, "वर हाय की." पोरीच्या तोंडावरचं रक्तच उतरलं म्हणे. अशा घरात, अशा वर्षात, असं उत्तर द्यावं का कुणी?

मी उतरून आले तर गौरी दारातच. माझे दोन्ही दंड धरून म्हणाली, "तुला काही झालं असतं तर मी काय केलं असतं?" आणि रडायला लागली. भर गर्दीत, लहानपणी रडायची तशी. तुम्ही गेल्यावर ती अशी रडलीच नव्हती. दवाखाना, कागद, पाहुणे, दहावा, सगळं उरकत होती, आणि उरकून झाल्यावर मला उरकायला घेतलं होतं. मी तिला जवळ घेतलं. रडू दिलं. वन्संनी पिशवीतून पाण्याची बाटली काढून पुढं केली आणि तोंड फिरवून उभ्या राहिल्या.

ती शांत झाल्यावर मी म्हटलं, "आता मला त्या लाल गाडीत बसायचंय. तू येतेस का माझ्या शेजारी?"

तिनं डोळे पुसले. म्हणाली, बाबा असते तर त्यांनी तुला त्या उलट्या होणाऱ्या गाडीत घातलं असतं. मी म्हटलं, ती मला नको. लाल पाहिजे, आणि मधली जागा पाहिजे.

मधल्या जागेसाठी आम्ही एक गाडी सोडून दिली. दांडा मांडीवर आला. गाडी कडकड करत चढायला लागली आणि गंमत बघा, माझा हात गौरीनं धरला, मी तिचा नाही. तळवा घामानं ओला झाला होता तिचा. तुमची ती न भिणारी लेक! म्हटलं, भ्यायलीस? म्हणाली, दर वेळी भिते, पण बाबांना कधी सांगितलं नाही. ऐकलंत? तुमच्या शेजारी बसून ती इतकी वर्षं भीत होती. आपण दोघांनीही तिला कधी विचारलं नाही.

माथ्यावर गाडी क्षणभर थबकली. लांब डोंगरांची रांग दिसली, खाली मुंगीएवढी माणसं. मग ती सुटली.

मी ओरडले. काय ओरडले माहीत आहे? तुमचं नाव. लग्नात उखाण्यात घेतलं, बारशात घेतलं, नंतर कधी बायकांनी अडवलं तर लाजत घेतलं, तेवढंच. एरवी सगळा जन्म "अहो". आणि त्या उतारावर माझ्या तोंडून तुमचं नाव निघालं ते एकेरी, उघडं, मैदानावर पोरं एकमेकांना मारतात तशी हाक. एकदा नाही, खाली येईपर्यंत. का, ते मला सांगता येत नाही. राग होता का? असेल. न सांगता गेलात, त्याचा राग कधीचा आत बसला होता. पण वळणं सुरू झाली आणि माझं मलाच हसू यायला लागलं. गाडी थांबली तेव्हा मी हसत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं आणि पोट अगदी जागेवर होतं.

गौरी हळूच म्हणाली, "आई, तू बाबांना नावानं हाक मारलीस."

म्हटलं, "व्हय. मारली."

खाली वन्सं उभ्याच होत्या. म्हणाल्या, दादाचं नाव खालपतूर ऐकू आलं, मला वाटलं दादाच आला काय! मग दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून हसलो. आजूबाजूचे बघत होते, बघू देत.

त्यानंतर आम्ही ताक घेऊन बसलो. तिथंच मी बोलले, नाहीतर परत "बरं" म्हणाले असते. म्हटलं, "गौरी, मी पुण्याला राहायला येणार नाही. मला माझ्या घरात राहायचंय आणि क्लास सुरू करायचाय."

तिनं ग्लास खाली ठेवला. "हे कधी ठरवलंस?"

"आधीच ठरलं होतं. सांगायला आज जमलं."

तिला लागलं. खोली रंगवताना तिनं पडदेसुद्धा माझ्या आवडीचे निवडले होते, मला का कळत नव्हतं? घरी पोचल्यावर गाडीतून उतरताना तिनं विचारलं, रात्री-अपरात्री काही झालं तर? मी काही म्हणायच्या आत वन्सं म्हणाल्या, मी काय मेलीया व्हय? आन् शाहूपुरी म्हंजे काय जंगल हाय? मी तिला खरं ते सांगितलं. काही झालं तर मलाही भीती वाटेल, आणि वाटली की मी तुलाच पहिला फोन करीन.

सकाळी चहा देताना ती म्हणाली, मग त्या खोलीत मी माझं टेबल ठेवते, पण पलंग तुझाच राहील. मी म्हटलं, राहू दे. दिवाळीला येते.

कोल्हापूरला आल्या आल्या माडी झाडली, मशिनींवरच्या चादरी काढून धुतल्या, तेल घातलं. सोमवारी क्लास उघडला. जुन्या मुली आल्या, दोन नव्या आल्या. दुपारी मशिनींचा आवाज खाली रस्त्यापर्यंत जात होता आणि समोरच्या दुकानदारानं मान वर करून बघितलं. वन्संनी तिकडं गावभर सांगून ठेवलंय की आमच्या वैनी आभाळातनं खाली आल्या, आन् दादाला हाक मारत आल्या. आता गावातल्या बायका मला बघायला येणार आहेत म्हणे.

तुमच्यावरचा राग बराचसा उतरलाय. तुम्ही मला घाबरट म्हणालात ते प्रेमानंच, हेही मला ठाऊक आहे. पण आता असतात ना, तर शेजारी बसवून म्हटलं असतं, पाय हलवायचे नाहीत, मुकाट बसायचं.

एक शब्द देते. जिथं मनात "नको" असेल तिथं तोंडानं "बरं" म्हणणार नाही. गौरीलाही तसंच शिकवीन, आणि तिला भीती वाटतीये का, ते आधी विचारीन.

तुमचीच,
सुमन