नदीपल्याडचा आवाज

भुसावळ,
अक्षय्य तृतीयेच्या, आपल्या आखाजीच्या, आधीचा आठवडा

प्रिय कामिनी,

हे पत्र धुरपदाबाई बांगड्यांच्या पेटीच्या तळाशी घालून आणेल. तुझा मोबाइल हेमराजच्या खिशात असतो, म्हणून या वयात मला कासारणीच्या पेटीतून टपाल पाठवावं लागतंय. ती हातात चुडा भरेपर्यंत वाच आणि लगेच चुलीत घाल. त्याने विचारलं तर सांग, अक्काने आखाजीसाठी बांगड्या भरायला सांगितल्यात. सांगितल्याच आहेत. घट्ट भरून घे, हाताला ओढ बसली तरी निघायच्या नाहीत अशा.

तुझी लेक भूमिका बरी आहे. खाते, माझ्याशी भांडते, दुपारपर्यंत आंघोळ करत नाही. तिचा पहिला अल्बम तयार होत आलाय. अल्बम म्हणजे लग्नाच्या फोटोंचा नव्हे, गाण्यांचा. आणि गाणी म्हणजे गळ्यातली नव्हेत. पोरगी एकटी लॅपटॉपपुढे बसते, जगातले आवाज कापते, ताणते, एकमेकांवर आपटते आणि त्यातून जे उरतं त्याला गाणं म्हणते. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी विचारलं, कुकरची शिट्टी बिघडलीय का? आता सवय झाली. आता एखाद्या दिवशी ऐकलं नाही तर घर मेल्यासारखं वाटतं. आठ गाणी आहेत. सात झाली. आठवं अडलंय, आणि ते तुझ्यापाशी अडलंय. ते कसं, हेच सांगायला बसले आहे. पण आधी काही माणसांना झोडपल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही, हे तू जाणतेस.

पहिला मान माझ्या भावाचा, तुझ्या नवऱ्याचा. आमचे वडील रेल्वेत गार्ड. त्यांनी मला इथे कॉन्व्हेंटात घातलं आणि हेमराजला शेती सांभाळायला गावी आजोबांकडे, आबांकडे ठेवलं. मला सिस्टरनी हळू बोलायला शिकवलं, त्याला आबांनी चाबूक धरायला. पुढे मी नोकरीभर या स्टेशनावर गाड्यांच्या घोषणा केल्या. गाडी वेळेवर असो, उशिरा असो, रुळावर कुणाचे तुकडे गोळा करणं चालू असो, माझा आवाज तोच, इस्त्री केलेला. त्यामुळे हेमराजबद्दल जे वाटतं ते बोलायला माझ्यापाशी शब्द नाहीत. शिव्या मला येतच नाहीत. कॉन्व्हेंटने हे एक मोठं नुकसान करून ठेवलंय.

दोन वर्षांपूर्वीची ती दुपार तू डोळ्यांनी पाहिलीस, मी फक्त भूमिकाचा हात पाहिला. धुळ्याच्या होस्टेलवर राहून ही लग्नातल्या डीजेच्या ट्रकवर चढते, एवढंच कुणीतरी त्याच्या कानात घातलं. ट्रकवर ती नाचत नव्हती, मागे बसून यंत्रं सांभाळत होती, हे ऐकायला तो थांबलाच नाही. पहारीने त्याने लॅपटॉप फोडला, स्पीकर फोडले, आणि ती तुकडे वेचायला वाकली तेव्हा तिच्या डाव्या हातावर बूट ठेवून उभा राहिला. उभा राहिला, कामिनी. रागाच्या भरात पाय पडला म्हणतात तसं नव्हे. तिची दोन बोटं अजून वाकत नाहीत. डॉक्टरांना तू सांगितलंस, बोटं दारात सापडली. तेव्हा मला तुझा इतका संताप आला होता की तुझ्याही दोन कानाखाली द्याव्यात. नंतर कळलं, तुझा उजवा कान आधीच बंद पडलाय.

त्या हाताने भूमिकाने इथे माझ्याकडे येऊन पुन्हा सुरुवात केली. उजव्या हाताने वाजवते, डाव्याचा अंगठा आणि एक बोट वापरून बटणं फिरवते. चाळीसगावहून कुणाचा तरी वापरलेला लॅपटॉप आणला. जिनिंगमध्ये जाऊन कपाशीतून सरकी ओरबाडणाऱ्या यंत्रांचा आवाज भरला. ते तिचं पहिलं गाणं. दुसऱ्यात माझ्या घोषणा आहेत. इतक्या हळू केल्यात की मी खोल विहिरीतून गाड्या बोलावतेय असं वाटतं. मागच्या वैशाखात दोंडाईच्याला एका हळदीत डीजेवाल्याने तिला घटकाभर स्वतःचं वाजवू दिलं. दारू प्यालेली पोरं ओरडली, ‘ए बाई, नाचनं लाव, हाई काय भंगार लावं शे!’ हिने ऐकलं नाही. मग बाटली आली. कपाळ फुटलं, रक्त डोळ्यात उतरलं, आणि तुझ्या लेकीने काय करावं? आवाज आणखी वाढवला. टाके घालताना मी तिला विचारलं, कुणावर गेलीस गं? ती म्हणाली, ‘आत्या, आईवर. तू आईला आखाजीच्या बारात ऐकलं नाहीस का?’

ऐकलं होतं. म्हणून तर हे पत्र.

गेल्या आखाजीला मीच तिला गावी घेऊन आले. तिला बार भरायचा होता, रेकॉर्डरमध्ये. गौराई बोळवायला आपल्या गावच्या बाया पांझरा नदीच्या अलीकडे, पल्याडच्या गावच्या पल्याड, मधे वीतभर पाणी, आणि मग दोन्हीकडून दगड आणि शिव्या. हाच तो बार. वर्षाकाठी एक दिवस. त्या दिवशी बाई काय बोलली ते घरी गेल्यावर नवऱ्याने विचारायचं नाही, सासऱ्याने विचारायचं नाही. पुरुष दरडीवर बसून शिट्ट्या मारतात. लहानपणी मला हे सगळं रानटी वाटायचं. सिस्टरना सांगितलं तर त्या माझ्यासाठी प्रार्थना करतील, अशी भीती वाटायची.

तू पुढे झालीस. वर्षभर जिच्या तोंडून ‘हो’ आणि ‘वाढू का’ यापलीकडे काही निघत नाही, ती तू, पदर खोचून पाण्यात उतरलीस आणि पल्याडच्या बाईवर तुटून पडलीस. ‘तुना दात कोनी पाडा व? सांग ना! तुना नवरानी पाडा! तुले इस्तरीना चटका कोनी दिधा? तुना कान कोनी फोडा? आनि गावभर सांगस, मी पडनू, मी पडनू!’ आणि प्रत्येक वाक्यामागे एक दगड. बारात अशाच शिव्या देतात, तुझा नवरा असा आणि तुझा नवरा तसा. त्यामुळे कुणाला काही वाटलं नाही. बाया हसल्या. दरडीवरचे पुरुष हसले. हेमराज सगळ्यात जास्त हसला. उभा राहून टाळ्या वाजवत होता, ‘वा रे पठ्ठी!’ म्हणत होता. त्याचंच सगळं त्याच्या तोंडावर चाललं होतं, आणि त्याला वाटलं, बायको पल्याडच्या बाईचा संसार उघडा करतेय. मी भूमिकाकडे पाहिलं. कानांवर हेडफोन, हातात माइक, आणि खालचा ओठ दातांनी इतका चावलेला की रक्त आलं होतं. रेकॉर्डर तिने हलू दिला नाही.

ते रेकॉर्डिंग तिने कितीतरी महिने उघडलंच नाही. या हिवाळ्यात उघडलं. तिच्या यंत्रात एक सोय आहे. कालव्यातून गाळ काढावा तसे एकेक आवाज बाजूला काढता येतात. शिट्ट्या काढल्या, हसणं काढलं, पाण्यात पडणारे दगड काढले, तुझा आवाजही काढून बाजूला ठेवला. खाली एक आवाज उरला. नदीच्या पल्याडून, बारीक, पण स्पष्ट. भूमिकाने मला स्वयंपाकघरातून ओढत नेलं आणि हेडफोन माझ्या डोक्यावर दाबला. ‘तठे काय करस व माय? आठे निंघी ये!’ एकदा नाही. तू दगड मारत होतीस आणि ती बाई तेच तेच ओरडत होती, इकडे निघून ये. आपल्या गोंगाटात ते तुझ्यापर्यंत पोहोचलंच नाही.

मी त्या बाईला शोधून काढलं. लिलाबाई नाव. नवरा गेला, पिठाची गिरणी चालवते, पांढऱ्या पिठाने भुवया माखलेल्या. मी म्हटलं, तुम्हाला शिव्या देणाऱ्या बाईला तुम्ही हाक का मारत होता? ती म्हणाली, ‘अक्का, ती माले कोठे शिव्या देत व्हती? मी भी वीस वरीस असाच बार खेळेल शे.’ आणि पुन्हा गिरणीत गहू ओतायला लागली. मला वाटलं, त्या नदीत इतकी वर्षं किती बायांनी स्वतःच्या हाडांचा हिशेब एकमेकींवर फेकून मारला असेल, आणि आपण त्याला सण म्हणत आलो. त्या रात्री पहिल्यांदा मला एक शिवी आली. कागदावर घालत नाही, भेटल्यावर सांगेन.

तर आठवं गाणं हे. तुझा आवाज आहे, दगड आहेत, जिनिंगची यंत्रं आहेत आणि सगळ्याच्या तळाशी लिलाबाईची हाक आहे. ती हाक शेवटी वर येते आणि बाकी सगळं थांबतं. मी ऐकलं आणि अर्धा तास संडासात जाऊन बसले, कारण पोरीसमोर रडणं माझ्या स्वभावात नाही. पण भूमिका ते बाहेर काढायला तयार नाही. म्हणते, हेडफोन लावून ऐकलं तर बाबालाही कळेल की आई कुणाबद्दल बोलत होती. आई त्या घरात असेपर्यंत हे गाणं जगात जाणार नाही, आणि या गाण्याशिवाय अल्बम जाणार नाही. हट्टी आहे. बरंच आहे.

आता राहिली एक बातमी. हेमराजच्या नाकावर पट्टी आहे ना? गावभर सांगत असेल, मोटरसायकलवरून पडलो. पडला नाही. गेल्या पंधरवड्यात तो भूमिकाला न्यायला इथे आला होता. दाराला लाथा घातल्या, कडी तुटली, आत येऊन त्याने तिच्या केसांना हात घातला. मी भाकरी करत होते. तवा चुलीवरच होता. मी तो सांडशीत धरला आणि त्याच्या तोंडावर मारला. हाड मोडल्याचा आवाज आला. मी घाबरले नाही, पुन्हा मारला. तो रक्ताने माखून जिना उतरत होता आणि खालच्या मजल्यावरची बाई विचारत होती, काय झालं हो भाऊ? तर म्हणाला, ‘पडलो.’ मला हसू फुटलं, कामिनी. तुझं उत्तर त्याला पाठ आहे. आणि तुझी लेक? केस विस्कटलेले, ओठ फाटलेला, जमिनीवर बसून म्हणाली, ‘आत्या, तव्याचा आवाज किती वेळ घुमतो बघ. परत एकदा वाजव ना.’ चौथ्या गाण्यात आहे तो तवा. नाकाशिवाय.

म्हणजे आता तो मार खाऊन बसलाय, आणि त्याचा राग तो कुणावर काढणार हे मला सांगायला नको. म्हणून लिहितेय. आखाजीला गौराई डोक्यावर घेऊन तू नदीवर येशील. त्या एका दिवशी तुला घराबाहेर यायला त्याची परवानगी लागत नाही. बाया ओरडायला लागल्या, पुरुष शिट्ट्या मारायला लागले, की या वर्षी वाकू नकोस, दगड उचलू नकोस. नदी ओलांडून चालत ये. पाणी घोट्याच्या वर नाही, मी स्वतः उतरून पाहिलंय. बारात पुढे जाणाऱ्या बाईला कुणी अडवत नाही. त्याला कळेपर्यंत तू मध्यावर असशील. पल्याडच्या बायांना लिलाबाईने सांगून ठेवलंय. दगड त्याही मारणार आहेत, पण तुझ्या डोक्यावरून, दरडीवर. गिरणीपाशी गाडी उभी असेल. भूमिका काठावर असेल आणि तिचा रेकॉर्डर बंद असेल. तुझा आवाज तिच्याकडे आहे, आता तिला तू हवी आहेस. मी लिलाबाईच्या शेजारी उभी असेन. तवा बरोबर आणते आहे.

नणंद असूनही तुझीच,
इंदूअक्का